तरंग गती

तरंग गती : माध्यमाच्या एखाद्या भागात निर्माण झालेला क्षोभ (समतोल स्थितीत पडलेला फरक) त्या माध्यमातून क्रमाक्रमाने पुढे सरकत जाण्याच्या क्रियेस तरंग गती असे म्हणतात. या क्रियेत क्षोभाबरोबर ऊर्जा व संवेग (वस्तुमान व वेग यांचा गुणाकार) यांचे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वहन होते. माध्यमाचे कण मात्र आपापल्या समतोल स्थानाभोवती आंदोलने करून जवळजवळ जागच्या जागीच राहतात. ऊर्जेचे वहन द्रव्याच्या स्थलांतरावाचून होणे हे तरंग गतीचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण होय.

ऊर्जा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात ऊर्जेबरोबर द्रव्यही प्रवास करते. उदा., बंदुकीची गोळी, कालव्याचे वाहते पाणी किंवा वारा. दुसऱ्या मार्गात द्रव्य जागेवर राहते व केवळ त्याची अवस्था एका भागाकडून शेजारच्या भागाकडे सोपविली जाते. विहिरीच्या स्थिर पाण्यात खडा टाकला असता वर्तुळाकार तरंग काठापर्यंत पोहोचतात; परंतु पाण्यावर तरंगणारे वाळलेले पान त्यांच्याबरोबर काठाकडे जात नाही, ते वरखाली व किंचित मागेपुढे हेलकावे खाऊन पुन्हा मूळ जागी येते. जोंधळ्याच्या उभ्या पिकावरून वाऱ्याची झुळूक जाते तेव्हा शेताच्या एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत लाट धावत गेलेली दिसते. पण प्रत्येक ताट आपल्या मुळाशी घट्ट उभे असते. या दुसऱ्या उदाहरणात एका ताटाची ऊर्जा पुढच्या ताटास मिळत नसून प्रत्येक ताटास वाऱ्याकडूनच मिळते. त्यामुळे ते आकाराच्या सरकण्याचे उदाहरण असले, तरी खऱ्या अर्थाने तरंग गतीचे नव्हे. खऱ्या तरंगात ऊर्जा माध्यमाच्या एका भागाने शेजारच्या भागावर केलेल्या कार्याच्या रूपाने पुढे जाते.

इतिहास : पाण्यावरील लाट पुढे जाते पण पाणी जात नाही, हे लिओनार्दो दा व्हींची (१४५२–१५१९) यांनी नमूद करून ठेवले होते. क्रिस्तीआन हायगेन्झ यांनी प्रकाशाविषयीच्या १६९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एकमेकांस टेकलेल्या कठीण गोलांच्या रांगेचे उदाहरण घेतले. रांगेच्या एका टोकावर गोलाचा आघात केला असता मधले गोल स्थिर राहिलेले दिसतात व शेवटचा गोल मात्र उसळून दूर जातो. म्हणजे आघात रांगेतून गेला, गोल गेले नाहीत. आयझॅक न्यूटन यांनी १६८७ मध्ये हवेची स्थितिस्थापकता व घनता यांवरून ध्वनीचा वेग गणिताने काढला. हे मूल्य प्रत्यक्षाहून कमी आले. संपीडनात हवा तापते व विरलनात ती थंड होते, ही गोष्ट लक्षात घेऊन प्येअर सीमाँ लाप्लास यांनी १८१६ मध्ये त्यात दुरुस्ती केली. ताणलेल्या तारेच्या कंपनाचे अवकल समीकरण झां ल राँ दालांबेर यांनी १७४७ मध्ये मांडले. एर्न्‌स्ट हाइन्रिख व व्हिल्हेल्म वेबर या बंधूंनी काचेच्या बाजू असलेल्या कुंडात प्रयोग करून पाण्याच्या कणांचे मार्ग प्रत्यक्ष पाहिले व आपले निष्कर्ष १८२५ मध्ये प्रसिद्ध केले. लाटांच्या गटातील ऊर्जा कोणत्या वेगाने जाते, याचा उलगडा ऑझ्बर्न रेनल्ड्झ व लॉर्ड रॅली यांनी १८७७ मध्ये केला.

ऊर्जावहनाची यंत्रणा : तरंग निर्माण होण्यासाठी माध्यमाच्या अंगी दोन गुण असावे लागतात. जागेवरून हललेल्या कणास परत आणणारी प्रत्यानयन प्रेरणा (बल) हा पहिला व निरूढी (जडत्व) हा दुसरा. प्रत्यानयन प्रेरणेमुळे कण समतोल स्थानाकडे ओढला जातो. निरूढीमुळे तो तेथे न थांबता पलीकडे जातो. त्याच वेळी तो शेजारच्या कणासही ओढतो किंवा ढकलतो. शेजारच्या कणास गती मिळण्यास थोडा वेळ लागतो आणि या विलंबामुळेच क्षोभाच्या प्रसारणाचा वेग सान्त (मर्यादित) असतो. प्रत्यानयन प्रेरणा जितकी प्रबळ तितका वेग जास्त आणि निरूढी जितकी अधिक तितका वेग कमी. ताणलेल्या दोरीत तरंगाचा वेग हा ताण भागिले एकक लांबीचे वस्तुमान या राशीच्या वर्गमूळाइतका असतो.

ऊर्जा पुढे कशी जाते हे समजण्यासाठी डावीकडून उजवीकडे तरंग जात असलेली दोरी विचारात घ्यावी. दोरीवर कोठेही एक बिंदू कल्पिला, तर त्याच्या डावीकडचा भाग उजवीकडच्या भागास ताणामुळे ओढत असतो. बिंदूपाशी दोरी उजवीकडे उतरती असेल, तर या ओढीचा एक घटक वरच्या दिशेने असतो व चढती असेल, तर तो खालच्या दिशेने असतो. उजवीकडे जाणाऱ्या तरंगात ज्या ठिकाणी दोरी उतरती असते तेथील बिंदू त्या क्षणी वर जात असतो व जेथे ती चढती असते तेथील बिंदू खाली जात असतो. म्हणजे डाव्या भागाची प्रेरणा आणि बिंदूचा वेग या दोहोंची दिशा नेहमी एकच असते व त्यामुळे डावा भाग उजव्या भागावर सतत धन कार्य करतो. तोल बदलला तरी दिशा बदलत नाही. बिंदू वर जावो वा खाली, ऊर्जा उजवीकडेच जाते. कणाची गती वरखाली, पण ऊर्जेचा ओघ मात्र एकाच दिशेने, या वरकरणी विसंगत वाटणाऱ्या गोष्टीचे कारण हेच होय.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. लंबकाची गतिज ऊर्जा जास्तीत जास्त असते तेव्हा स्थितिज ऊर्जा शून्य असते. दोरीवरील प्रगामी (पुढे जाणाऱ्या) तरंगात तसे नसते. दोरीचा तुकडा समतोल स्थानातून जात असतानाच त्याचा वेग महत्तम असतो व त्याच क्षणी त्याचा तिरपेपणा, म्हणून ताणलेपणाही, महत्तम असतो. शीर्षाशी व गर्ताशी दोन्ही ऊर्जा शून्य होतात. म्हणजे ऊर्जा एकेका तुकड्यात साठून राहत नाही, ती पुंजक्यांच्या रूपाने दोरीतून पुढे सरकते व प्रत्येक तुकडा ती क्षणमात्र धारण करून पुढच्याच्या हवाली करतो.

प्रतिसेकंद वाहिली जाणारी ऊर्जा ही माध्यमाची घनता (दोरीच्या बाबतीत एकक लांबीचे वस्तुमान), तरंगाचा वेग, परमप्रसराचा (समतोल स्थानापासून होणाऱ्या महत्तम स्थानांतराचा) वर्ग व कंप्रतेचा (दर सेकंदास होणाऱ्या आंदोलनांच्या संख्येचा) वर्ग या सर्वांच्या सम प्रमाणात असते. परमप्रसर दुप्पट केल्यास ऊर्जा चौपट होते. उदा., दर मीटरला १०० ग्रॅम वस्तुमान असलेली दोरी ९० न्यूटन ताणाखाली असेल, तर तिच्यातील तरंगाचा वेग ३० मी. प्रतिसेकंद येतो. तिचे टोक दर सेकंदास ५ वेळा, २ सेंमी. परमप्रसराने हलविल्यास दोरीतून सु. ०·६ वॉट इतकी शक्ती दुसऱ्या टोकाकडे जाते. ही शक्ती हलविणाऱ्या हातातून आलेली असते. दोरीचे एकही सूत मात्र पुढे गेलेले नसते.

भिंतीस बांधलेल्या टोकावरून तरंग परत फिरला, तर जाणारा व येणारा अशा दोन तरंगांच्या अध्यारोपणाने अप्रगामी तरंग निर्माण होतो. यात निस्पंद बिंदू (ज्या ठिकाणी स्थानांतर नेहमी शून्य असते असे बिंदू) मुळीच हलत नाहीत. ज्या बिंदूस वेग नाही तेथे कार्य होऊ शकत नाही. म्हणून निस्पंद बिंदूतून ऊर्जा पलीकडे जात नाही व ती दोन निस्पंदांच्या दरम्यान कोंडलेली राहते. सतारीच्या तारेत असेच घडते. तारेतील ऊर्जा घोडीच्या द्वारे थोडी थोडी तबलीत व तेथून हवेत जाते, म्हणूनच छेडलेली तार काही वेळ वाजत राहते.

प्रकार : कणांची आंदोलने तरंगाच्या प्रसारणदिशेस लंब असतील, तर त्यास अवतरंग आणि त्याच दिशेत असतील, तर अनुतरंग म्हणतात. दोरीवरील तरंग हे अवतरंगाचे व हवेतील ध्वनी हे अनुतरंगाचे उदाहरण आहे. द्रव व वायू यांना आकाराची स्थितिस्थापकता नसल्यामुळे त्यांच्या अंतर्भागातून स्थितिस्थापक अवतरंग जाऊ शकत नाहीत. पाण्याच्या पृष्ठावरील तरंगांत दोन्ही प्रकारच्या गती एकत्र आलेल्या असतात व त्यांची प्रत्यानयन प्रेरणा गुरुत्व ही असते. तरंगलांबी सु. १·७ सेंमी.हून कमी असलेल्या बारीक तरंगांत मात्र पृष्ठताणाचा प्रभाव अधिक असतो.

ध्वनी : २०° से. तापमानास हवेत ध्वनीचा वेग सु. ३४३ मी. प्रतिसेकंद असतो. बोलणाऱ्याच्या तोंडातील हवा ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत या वेगाने जात असती, तर प्रत्येक शब्दाबरोबर वादळाहून भयंकर वारा सुटला असता. प्रत्यक्षात हवेच्या थरांची हालचाल अत्यल्प असते. साध्या संभाषणाच्या ध्वनीची तीव्रता दर चौ. मी.ला सु. एक दशलक्षांश वॉट असते. दर सेकंदास १,००० कंप्रता असलेल्या अशा ध्वनीत हवेच्या थराचा परमप्रसर सु. ११ नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा अब्जावा भाग) व महत्तम वेग सेकंदास सु. ०·०७ मिमी. एवढाच भरतो. निरोगी कानास जेमतेम ऐकू येणाऱ्या ध्वनीत तर हा परमप्रसर अणूच्या व्यासाहूनही लहान असतो. ध्वनीचा उगम लहान असेल व ध्वनी सर्व दिशांना सारखा पसरत असेल, तर तीच ऊर्जा वाढत्या गोलपृष्ठावर विभागली जाते. म्हणून तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते.

समुद्रावरील लाटा : खोल समुद्रात लाट जात असताना पृष्ठभागाजवळचे पाण्याचे कण जवळजवळ वर्तुळाकार मार्गाने फिरतात. शीर्षाखाली ते लाटेच्या दिशेने व गर्ताखाली उलट दिशेने जातात. खोलीबरोबर ही वर्तुळे झपाट्याने लहान होतात व तरंगलांबीच्या निम्म्या खोलीवर त्यांची त्रिज्या पृष्ठावरील त्रिज्येच्या सु. ४ टक्के उरते. वर मोठ्या लाटा उसळत असता खोल गेलेल्या पाणबुडीस त्या जाणवत नाहीत, याचे कारण हेच.

१० सेकंद आवर्तकालाच्या (एका आंदोलनास लागणाऱ्या वेळाच्या) लाटेची खोल पाण्यातील तरंगलांबी सु. १५६ मी. व शीर्षाचा वेग सेकंदास सु. १५·६ मी. असतो. शीर्षापासून गर्तापर्यंतची उंची २ मी. असल्यास पाण्याच्या कणाचा वेग मात्र सेकंदास सु. ६३ सेंमी. इतकाच येतो. अशा लाटेत समुद्रपृष्ठाच्या दर चौ. मी.मागे सु. ५,००० जूल ऊर्जा असते. ही ऊर्जा शीर्षाच्या वेगाने जात नाही, तर गटवेगाने जाते आणि खोल पाण्यात गटवेग शीर्षाच्या वेगाच्या निम्मा असतो. लाटांच्या एखाद्या गटाकडे बारकाईने पाहिले असता मागच्या कडेस नवी शीर्षे उगवतात, गटातून पुढे सरकतात व पुढच्या कडेस नाहीशी होतात असे दिसते. वरील लाटेचा गटवेग सेकंदास ७·८ मी. येतो व शीर्षाच्या दर मीटर लांबीमागे सु. ३९ किलोवॉट इतकी शक्ती किनाऱ्याकडे वाहत असते.

वादळाने उठविलेल्या लाटा वादळाचे क्षेत्र सोडून हजारो किमी. जाऊ शकतात. आवर्तकाल जितका जास्त तितका खोल पाण्यात वेग जास्त. त्यामुळे दूरच्या किनाऱ्यावर दीर्घ आवर्तकालाच्या लाटा आधी व लघू आवर्तकालाच्या नंतर पोहोचतात. १६ सेकंद आवर्तकालाच्या लाटांची ऊर्जा दिवसाला सु. १,०८० किमी. अंतर कापते. हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील वादळांमुळे उठलेल्या अशा लाटा काही दिवसांनी केरळच्या किनाऱ्यावर येऊन थडकतात. त्या वेळी किनाऱ्यावर वारा शांत असला, तरी समुद्र अकस्मात आत शिरतो. तेथील मच्छीमार या प्रकारास ‘कळ्ळक्कडल’ (चोर समुद्र) म्हणतात. वादळाचा वारा आला नाही, तेथील पाणी आले नाही. आली ती वाऱ्याने पाण्यास दिलेली ऊर्जा.

या ऊर्जेचा वीजनिर्मितीसाठी उपयोग करण्याचे प्रयत्न झाले आहेत. केरळमधील विळिंजम येथे मद्रास येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेच्या तज्ञांनी १५० किलोवॉट क्षमतेचे प्रायोगिक केंद्र उभारले होते. ते १९९१ मध्ये कार्यान्वित झाले. त्यात खालून उघड्या अशा कोठीत लाटांमुळे पाणी वरखाली होई व त्यावरील हवा एका टरबाइनातून आतबाहेर ढकलली जाई. पाणी कोठे वाहून न नेता केवळ त्याच्या आंदोलनातून ऊर्जा काढून घेणे हे या योजनेचे तत्त्व होय.

त्सुनामी : समुद्राची खोली तरंगलांबीच्या मानाने फार कमी असते तेव्हा तरंगाचा वेग केवळ खोलीवर अवलंबून राहतो. तो गुरुत्व प्रवेग व खोली यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाइतका असतो. समुद्रतळाच्या भूकंपाने उद्‌भवणाऱ्या त्सुनामी लाटांची तरंगलांबी शेकडो किमी. असल्यामुळे त्यांच्या दृष्टीने महासागरही उथळच ठरतो. ४,००० मी. खोल समुद्रात त्यांचा वेग सेकंदास सु. १९८ मी., म्हणजे तासाला सु. ७०० किमी. असतो.

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ ९·१ महत्तेचा भूकंप झाला. त्यानंतर सु. दोन तासांनी जेसन–१ हा उपग्रह हिंदी महासागरावरून जात असता त्याने खुल्या समुद्रात पाणी सु. ६० सेंमी.ने उंचावल्याची नोंद केली. ४,००० मी. खोलीवर एवढ्या परमप्रसराच्या लाटेत पाण्याच्या कणांचा आडवा वेग सेकंदास अवघा ३ सेंमी. येतो. वर तरंगणाऱ्या जहाजास अशी लाट गेल्याचे कळतही नाही. तथापि येथे पृष्ठापासून तळापर्यंतचे सारे पाणी हलत असते व ऊर्जा जवळजवळ विमानाच्या वेगाने जात असते. त्यामुळे शीर्षाच्या दर मीटर लांबीमागे सु. ३६० किलोवॉट शक्ती वाहत असते. वर उल्लेखिलेल्या २ मी. उंचीच्या लाटेच्या मानाने ही सु. नऊ पट आहे.

किनाऱ्याजवळ खोली कमी होते तसा वेग घटतो. खोली १० मी. झाली म्हणजे वेग सेकंदास सु. ९·९ मी., म्हणजे आधीच्या एक-विसांश होतो. मागून येणारी ऊर्जा मात्र थांबत नाही. तिचा ओघ कायम राहण्यासाठी परमप्रसर २० च्या वर्गमूळाइतका, म्हणजे सु. ४·५ पट वाढावा लागतो, ६० सेंमी.ची लाट सु. २·७ मी. होते. पाण्याच्या कणांचा वेगही सेकंदास ३ सेंमी.वरून सु. २·७ मी. होऊन तरंगाच्या वेगाशी तुल्य होऊ लागतो. येथे तरंग व प्रवाह यांतील भेद पुसट होतो. महासागर ओलांडताना जे पाणी जागेवर राहिले होते त्याची जागा आता किनाऱ्याजवळचे पाणी घेते व ते प्रत्यक्ष जमिनीवर चालून जाते. किनाऱ्यास उद्‌ध्वस्त करणारे पाणी सुमात्राहून आलेले नसते. ते त्या किनाऱ्याचेच असते. किनाऱ्याचा उतार व आकार यांनुसार लाटेची उंची वरील अंदाजाहून पुष्कळ अधिकही होते. २००४ च्या या आपत्तीत हिंदी महासागराभोवतीच्या देशांत सु. सव्वादोन लाख लोक मृत्युमुखी पडले.

या हानीत एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. त्याच भूकंपाचे तरंग खडकांतून सेकंदास सु. ८ किमी. वेगाने जाऊन भारताच्या मुख्य भूमीवरील भूकंपमापकांत चार-पाच मिनिटांत नोंदले गेले. त्सुनामीस मात्र तमिळनाडूच्या किनाऱ्यावर येण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागला. एकाच उगमापासून दोन माध्यमांतून निघालेल्या तरंगांच्या वेगातील हा फरक म्हणजेच सूचना देण्यासाठी उपलब्ध असलेला अवधी होय. त्या दिवशी हिंदी महासागरासाठी या अवधीचा उपयोग करून घेणारी यंत्रणा अस्तित्वात नव्हती. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात ती २००७ मध्ये सुरू करण्यात आली. भूकंपमापक, समुद्रतळावरील दाबमापक व किनाऱ्यावरील भरतीमापक यांच्या नोंदी तेथे एकत्र केल्या जातात. अंदमान-निकोबार बेटांसारख्या उगमाजवळच्या प्रदेशांना मात्र फारच थोडा अवधी मिळतो. तेथे जमिनीस बसलेला जोराचा व दीर्घकाळचा हादरा हीच सूचना मानून उंच जागी जाणे आवश्यक ठरते.

भूकंप तरंग : भूकवचातील खडक अकस्मात सरकल्याने साठलेली स्थितिस्थापक ऊर्जा तरंगरूपाने सर्व दिशांना पसरते. यातील प्राथमिक तरंग हे अनुतरंग असून कवचातील खडकांत त्यांचा वेग सेकंदास सु. ६ किमी. असतो. दुय्यम तरंग हे अवतरंग असून त्यांचा वेग सु. ३·५ किमी. असतो. या प्रकारांची फोड रिचर्ड डिक्सन ओल्डॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाच्या अभ्यासातून केली. दुय्यम तरंग पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातून जात नाहीत, यावरून तो द्रवरूप असल्याचे निश्चित झाले. जेथे मनुष्य कधीही पोहोचला नाही तेथील माहिती अशा रीतीने खडकाचा कणही वर न आणता तरंगांनी पुरविली.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या किल्लारी भूकंपात सु. १०,००० लोक दगावले. तेथील घरांच्या दगड-मातीच्या जाड भिंती व जड माळवदे यांना जमिनीच्या मागेपुढे होणाऱ्या हालचालीबरोबर एकसंधपणे हलता आले नाही व ती कोसळली. जमीन आंदोलने संपताच थांबते, पण तिने घरास दिलेली ऊर्जा तोवर आपले कार्य करून गेलेली असते. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपात उगमापासून सु. ३५० किमी. दूर असलेल्या मेक्सिको सिटीची मोठी हानी झाली. हे शहर पुरातन सरोवराच्या मऊ गाळावर वसलेले आहे. कठीण खडकातून गाळात शिरताना तरंगाचा वेग घटतो व परमप्रसर वाढतो. उथळ पाण्यात त्सुनामीची उंची ज्या कारणाने वाढते तेच कारण येथेही लागू पडते. म्हणून इमारतीचा पाया कोणत्या भूस्तरावर आहे याचा विचार भूकंपरोधक बांधकामात अवश्य करावा लागतो.

माध्यमाविना प्रसारण : विद्युत् चुंबकीय तरंगांना द्रव्यरूप माध्यमाची गरजच नसते. त्यांच्यात विद्युत् क्षेत्र व चुंबकीय क्षेत्र ही एकमेकांना लंब दिशांत आंदोलन पावतात. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये भाकीत केलेले हे तरंग हाइन्रिख हर्ट्‌झ यांनी १८८७-८८ मध्ये प्रयोगाने दाखविले; जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात त्यांच्या साहाय्याने दूर अंतरावरील घंटा वाजवून व दारू पेटवून दाखविली. या क्षेत्रांतील ऊर्जेचा ओघ जॉन हेन्री पॉइंटिंग यांनी १८८४ मध्ये सूत्रबद्ध केला. सूर्यापासून सु. १५ कोटी किमी. निर्वात अवकाश ओलांडून पृथ्वीच्या वातावरणाच्या माथ्यावर दर चौ. मी.ला सु. १,३६१ वॉट शक्ती येते, ती याच रूपाने. या तरंगांबरोबर संवेगही येतो. सूर्यप्रकाश पूर्णपणे शोषून घेणाऱ्या एक चौ. किमी. पृष्ठावर सु. ४·५ न्यूटन प्रेरणा पडते. हिलाच प्रारण दाब म्हणतात.

गुरुत्वीय तरंगांत खुद्द अवकाशाचीच आंदोलने होतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो या व्यतिकरणमापकांनी त्यांची पहिली प्रत्यक्ष नोंद केली. दोन कृष्णविवरांच्या मीलनात सूर्याच्या सु. तिप्पट वस्तुमानाइतकी ऊर्जा बाहेर पडली होती. तरी पृथ्वीवर पोहोचेपर्यंत ती इतकी विखुरली, की ४ किमी. लांबीच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनाच्या व्यासाहूनही पुष्कळ कमी होता. अशीच एक वेधशाळा महाराष्ट्रातील हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारण्यास भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली.

द्रव्याचे अल्प स्थलांतर : तरंग द्रव्य मुळीच नेत नाही, हे विधान परमप्रसर फार लहान असतानाच काटेकोरपणे खरे असते. पाण्याच्या लाटेत कण शीर्षाखाली असताना किंचित उंचावर असतो व तेथे गती थोडी अधिक असते. म्हणून त्याचे वर्तुळ पूर्ण मिटत नाही व प्रत्येक आवर्तनात तो किंचित पुढे सरकतो. जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८४७ मध्ये या सरकण्याचे गणित मांडले. वर घेतलेल्या १० सेकंदांच्या व २ मी. उंचीच्या लाटेत पृष्ठावरील हा वेग सेकंदास सु. २·५ सेंमी., म्हणजे शीर्षाच्या वेगाच्या सु. सहाशेवा भाग असतो. तो अल्प असला, तरी समुद्रावर सांडलेले तेल, तरंगता कचरा व माशांची अंडी दीर्घकाळात दूर नेण्यास पुरेसा होतो. उथळ कालव्यातील एकल तरंग जॉन स्कॉट रसेल यांनी १८३४ मध्ये प्रथम पाहिला. तो जाताना पाण्यास कायमचे काही अंतर पुढे सरकवून जातो. किनाऱ्यावर लाट फुटते तेव्हा तर पाणी उघडपणे पुढे फेकले जाते. लाटेच्या संवेगामुळे किनाऱ्यालगत प्रवाह उत्पन्न होऊन वाळूचे वहन होते व समुद्राकडे परतणारे अरुंद, वेगवान प्रवाहही निर्माण होतात. किनाऱ्यावर पोहणाऱ्यांना खरा धोका बहुधा या परतीच्या प्रवाहांचा असतो, येणाऱ्या लाटेचा नव्हे. अशा प्रवाहात सापडल्यास त्याच्या विरुद्ध न पोहता किनाऱ्यास समांतर पोहून त्यातून बाहेर पडणे इष्ट असते.

सारांश, माध्यमाचे लगतचे भाग एकमेकांवर करीत असलेल्या कार्याच्या द्वारे (निर्वातात क्षेत्रांच्या परस्परसंबंधाने) ऊर्जा पुढे जाते, हे तरंग गतीचे तत्त्व दोरीपासून महासागरापर्यंत एकच आहे. माध्यम बदलले म्हणजे वेग, परमप्रसर व कणांची गती यांचे प्रमाण बदलते. एकच ऊर्जा खोल समुद्रात निरुपद्रवी व किनाऱ्यावर संहारक का ठरते, हे या प्रमाणावरूनच कळून येते.